रेतीखालचा खर्च

१५ ऑगस्ट २०२३ची ग्रामसभा. झेंडावंदन आटोपून सगळे समाजमंदिरात बसले होते. सरपंचताईंनी माईक हातात घेतला आणि सांगून टाकलं की टाकीमागच्या बगिच्यात व्हॉलीबॉलची दोन मैदानं होणार, रेतीची. पोरापोरींनी एवढ्या टाळ्या पिटल्या की पुढचे दोन विषय कोणाला ऐकूच गेले नाहीत. ठराव लिहिला गेला. त्याच्या शेवटी एक ओळ होती: मैदानांच्या आराखड्यासाठी शाळेच्या क्रीडाशिक्षिकेचं सहकार्य घ्यावं. ती क्रीडाशिक्षिका मी. पुढचं दीड वर्ष माझं त्या एका ओळीमागे गेलं.

गाव वर्धा जिल्ह्यातलं, आर्वीकडचं. जमीन काळी, कपाशी-तुरीची. मी बी.पी.एड. केलं ते अमरावतीला, १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. व्हॉलीबॉल तिथेच अंगात भिनला. नोकरीला इथे आले तेव्हा शाळेत मुरुमाचं मैदान होतं आणि मुली खेळायला तयार होत्या, पण चेंडू दोन हात लांब पडला की सोडून द्यायच्या. त्यांचं चुकत नव्हतं. मुरुमावर अंग टाकलं की गुडघा सोलतो आणि आठ दिवस खाली बसता येत नाही. चेंडूखाली झोकून द्यायची हिंमत ही या खेळाची अर्धी शिकवण आहे, आणि ती मुरुमावर शिकवता येत नाही. म्हणून रेतीचं मैदान मला मनापासून हवं होतं.

पण काळ्या मातीत रेतीचं काय होतं हेही मी पाहिलेलं होतं. शाळेत लांब उडीचा खड्डा आहे. पहिल्या वर्षी आम्ही त्यात तीन ट्रॉली रेती टाकली. उन्हाळ्यात जमीन तडकली, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि रेती त्यांत उतरत गेली. पावसाळ्यात खालची माती फुगून वर आली. दिवाळीनंतर खड्डा उकरून पाहिला तेव्हा हाताला लागला तो राखाडी चिखल, वाळला की दगडासारखा. तीन ट्रॉली रेती गेली कुठे, याचं उत्तर पायाखालीच होतं.

सप्टेंबरात पहिलं इस्टिमेट आलं. कोणत्या कार्यालयातून, ते सांगत नाही. दोन मैदानं, एकूण सहा लाख. कागद उघडला आणि आधी खोली शोधली: रेती भराव २० सेंटिमीटर. पाण्याच्या निचऱ्याचा रकानाच नव्हता. कडेला बसायला सिमेंटची बाकं होती, कमान होती, फलकाचे वीस हजार होते. मैदानं आखली होती पूर्व-पश्चिम, रस्त्याला समांतर, म्हणजे संध्याकाळी एका बाजूच्या खेळाडूंच्या डोळ्यांत थेट मावळता सूर्य.

मी नियमांचं पुस्तक घेऊन बसले. रेतीवरचं मैदान आपल्या नेहमीच्या मैदानापेक्षा लहान असतं. नेहमीचं १८ बाय ९ मीटर, रेतीचं १६ बाय ८. एका बाजूला दोनच खेळाडू. जाळी साडेआठ मीटर लांब, उंची मुलांना २.४३ आणि मुलींना २.२४ मीटर, ती तशीच. पण रेघांच्या बाहेर चारही बाजूंनी निदान ३ मीटर मोकळी रेती लागते, कारण खेळाडू चेंडूमागे धावत बाहेर जातो आणि तिथेच पडतो. म्हणजे भरायची जागा झाली २२ बाय १४, आपल्या भाषेत ७२ फूट बाय ४६. आंतरराष्ट्रीय सामन्यांना रेतीची खोली निदान ४० सेंटिमीटर मागतात. आमच्याकडे आंतरराष्ट्रीय कोणी येणार नव्हतं, पण उडी मारून खाली येणाऱ्या पोरीच्या टाचेला ते कळत नाही. टाच खालच्या गिट्टीला लागता कामा नये, एवढंच माझं म्हणणं.

मग गुणाकार केला. २२ गुणिले १४ गुणिले ०.४० म्हणजे १२३ घनमीटर. घनफुटांत सुमारे ४,३५०. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एका मैदानाला साडेत्रेचाळीस ब्रास. रेती दबते म्हणून दहावा भाग जास्त धरला, ४८ ब्रास. आमच्याकडच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास बसतो. अठ्ठेचाळीस ट्रॉल्या, आणि तेही एकाच मैदानाला. कार्यालयाच्या कागदावर दोन्ही मैदानं मिळून चाळीस ब्रास होते.

रात्री हिशेब पुन्हा मांडला, बाकं, कमान, फलक बाजूला ठेवून. रेती वाहतूक, चाळणं आणि धुणं धरून ब्रासला ५,५०० रुपयांनी २ लाख ६४ हजार. तिच्याखाली १५ सेंटिमीटर गिट्टी, सतरा ब्रास, ५१ हजार. गिट्टी आणि रेतीच्या मध्ये जाड न विणलेलं कापड, ज्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात. ते पाणी खाली सोडतं पण रेती सोडत नाही. काठांवर वळवायचं धरून ३८० चौरस मीटर, २२,८००. गिट्टीत भोकांचे पाइप, तीन रांगा आणि बाहेर नाल्यापर्यंत, शंभर मीटर, १८ हजार. जेसीबी दहा तास, १२ हजार. काठाची विटांची भिंत ६० हजार. खांब, जाळी, रेघांच्या पट्ट्या २८ हजार. नळ आणि पाइप ९ हजार. दंताळी आणि सपाटीची फळी ४ हजार. बेरीज ४ लाख ६८ हजार ८००. वर १८ टक्के जीएसटी. साडेपाच लाख पार झाले ते एकाच मैदानाला. सहा लाखांत एकच मैदान बसत होतं, आणि हाताशी उरत होते सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार.

दुसऱ्या दिवशी हा कागद घेऊन सरपंचताईंकडे गेले. त्यांनी चहा ठेवला, कागद दोनदा वाचला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमचा हिशोब खरा असंन. पण म्या गावाले दोन सांगतले. आता एकच केलं तं लोकं म्हनतीन, दुसऱ्याचे पैसे खाल्ले."

हे मला सुचलंच नव्हतं. मी रेतीच्या खोलीचा विचार करत होते आणि त्यांना पुढची पाच वर्षं गावातून मान वर करून चालायचं होतं. त्यांची अडचण माझ्या अडचणीपेक्षा लहान नव्हती. आम्ही ठरवलं की हिशोब कोणी एकानं मान्य करायचा नाही, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायचा.

त्या सभेला मी शाळेचा फळा नेला आणि दोन बाटल्या. एका बाटलीत गावातल्या बांधकामावरची रेती, दुसरीत नदीची धुतलेली. दोन्हींत पाणी भरून झाकणं लावली आणि पहिल्या बाकावरच्या दोन पोरांना जोरात हलवायला सांगितलं. मग बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि फळ्यावर गुणाकार करत बसले. अर्ध्या तासानं सगळ्यांना जवळ बोलावलं. धुतलेल्या रेतीवर गाळाचा थर होता नखाएवढा, वरचं पाणी जवळपास नितळ. दुसऱ्या बाटलीत रेतीवर बोटभर जाड गुळगुळीत थर बसला होता आणि पाणी चहासारखं. मागून एक काकाजी उठून आले, चष्मा वर करून बाटली उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "हे तं आपल्याच वावरातली माती हाय बाप्पा." त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. एक मैदान पूर्ण करायचं, दुसऱ्याची जागा राखून ठेवायची, असा ठराव झाला. हिशोबाचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा, हेही त्याच ठरावात घातलं. ती सूचना सरपंचताईंचीच.

पैशाचं असं होतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेवरच जायचा. उरलेल्या ४० टक्के अबंधित निधीत गावाच्या गरजेची कामं घेता यायची. आमचं काम त्यात बसलं, पण दोन वर्षांच्या आराखड्यातून थोडं थोडं घेऊन. सुधारित इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. या प्रत्येक टप्प्याला मी मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून तालुक्याला गेले, कारण कापड आणि पाइप दरसूचीत कुठे धरायचे हे समोर बसून सांगावं लागत होतं.

प्रशासकीय मान्यता फेब्रुवारी २०२४मध्ये मिळाली. कार्यारंभ आदेश निघणार, तोवर १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान २६ एप्रिलला झालं, पण आचारसंहिता उठली ६ जूनला. १० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत नदीतून रेती काढायला बंदी असते. हाती राहिले चार दिवस. ऑक्टोबरात फाइल पुन्हा सहीला गेली आणि १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता आली. मुली रोज विचारायच्या. दहावीच्या एका मुलीनं, जिच्यासाठी मी खरं तर हे सगळं करत होते, विचारणं बंद केलं. ती तोवर दहावी होऊन वर्ध्याला गेली होती. कोणाची चूक म्हणावी असं यात काही नाही. पण मैदानाचं अंदाजपत्रक करणाऱ्यानं आधी पुढच्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावावं. निवडणूक, रेतीबंदी, पाऊस, परीक्षा. काम करायला मोकळे महिने किती उरतात ते मोजावं आणि मग पैशाला हात घालावा.

डिसेंबर २०२४मध्ये खोदकाम सुरू झालं. मैदान आता उत्तर-दक्षिण आखलं होतं. आम्ही पूर्ण खोल खणलं नाही. तीस सेंटिमीटर खणलं आणि बाकीची उंची काठाच्या भिंतीनं जमिनीच्या वर घेतली. कारण साधं आहे: बगिच्यात पडलेला पाऊस उताराकडे धावतो, आणि मैदान खड्ड्यात असलं तर साऱ्या बगिच्याची माती घेऊन तो रेतीत येतो. तळाला मधोमध उंचवटा आणि दोन्ही कडांना उतार दिला. जेसीबीवाला तळ सपाट करून मोकळा झाला होता, त्याला परत बोलवावं लागलं. मी दोरी आणि पाण्याची नळी घेऊन लेव्हल दाखवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन तासांत अचूक उतार काढला.

निघालेली काळी माती टाकायची कुठे, हा खर्च मी धरायलाच विसरले होते. तीस-बत्तीस ब्रास माती. ट्रॅक्टर लावून दूर टाकायची तर पंधरा-वीस हजार गेले असते. गावात दवंडी दिली की माती फुकट आहे, आपला ट्रॅक्टर आणून न्यावी. तीन दिवसांत सगळी माती उचलली गेली, बांधांवर आणि चिबडलेल्या वावरांच्या खळग्यांत. काळ्या मातीनं दीड वर्ष एवढा घोर लावला होता, तिनं जाताना तेवढे पैसे वाचवले.

रेतीचं मात्र तसं झालं नाही. इस्टिमेटमध्ये लीड, म्हणजे रेती वाहून आणायचं अंतर, १८ किलोमीटरची धरली होती, जवळच्या वर्धा नदीच्या घाटाची. त्या घाटाचा लिलावच झालेला नव्हता. २०२३च्या धोरणात शासनानं डेपोवर ब्रासला ६०० रुपये दर ठरवला होता आणि गावात सगळ्यांच्या डोक्यात तोच आकडा होता. पण रेतीची किंमत डेपोवर ठरत नाही, वाहतुकीत ठरते. आम्हाला मिळाली ती सत्तर किलोमीटरवरून. हाताशी ठेवलेले सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार इथेच संपले. कंत्राटदारानं मध्ये क्रशरची रेती सुचवली, जवळची आणि स्वस्त. मूठभर मागवली आणि तळहातावर घेऊन चोळली. दाण्याला धार होती, तळवा लाल झाला. नदीची रेती वाहत वाहत गोल होते, क्रशरची दगड फोडून होते. काँक्रीटला ती चालते, पण अनवाणी पायाला आणि घासत जाणाऱ्या कोपराला नाही. शिवाय तिची भुकटी ओली झाली की जमून घट्ट बसते.

मी प्रत्येक ट्रॉलीला बाटली लावली. पहिल्या वीसपैकी चार परत पाठवल्या. ड्रायव्हर वैतागला, "मॅडम, रेती तं रेती असते, तिच्यात काय पाहाचं?" त्याला बाटली दाखवली. पुढच्या खेपेपासून तोच रेती भरायच्या आधी ओंजळीत घेऊन पाण्यात टाकून पाहायला लागला.

मोजमापाचा प्रश्न उरला होता, आणि या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मी तिथेच शिकले. ओलसर रेती फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, दाणे एकमेकांपासून दूर राहतात आणि ट्रॉली भरलेली दिसते. कोरड्या किंवा पूर्ण भिजलेल्या रेतीत तेवढी जागा नसते. म्हणून ट्रॉल्या मोजून बिल काढू नका, खड्ड्यात मोजा, आणि तेही पाणी सोडल्यावर, असा आग्रह मी धरला. चार कोपऱ्यांत चाळीस सेंटिमीटरच्या खुणेचे दांडे रोवले होते. रेती भरली तेव्हा सगळीकडे खूण झाकलेली होती. दोन टँकर पाणी सोडलं. सकाळी पाहिलं तर रेती खुणेच्या तीन बोटं खाली. तीन बोटं ऐकायला काहीच नाहीत, पण तीनशे आठ चौरस मीटरवर तीन बोटं म्हणजे साडेपाच ब्रास, तीस हजार रुपयांची रेती. शाखा अभियंत्यांनी दांडा स्वतः पाहिला आणि भर पडल्याशिवाय मोजमाप पुस्तिकेत नोंद केली नाही. कंत्राटदारानं सहा ट्रॉल्या आणखी आणल्या, कुरकुर न करता. करारात खोली लिहिलेली होती, ट्रॉल्या नव्हत्या.

बाकीचं लवकर आटोपलं. विटांच्या काठावर ट्रॅक्टरचे जुने टायर चिरून बसवले, कोणाचं डोकं आपटू नये म्हणून. रेघांना ताडपत्रीच्या दुकानातली दोन इंची निळी पट्टी, कारण नियमात पट्टी पाच सेंटिमीटरच लागते. पट्टीची टोकं दोरीनं रेतीत पुरलेल्या लाकडी तुकड्यांना बांधली. लोखंडी खुंटी कुठेच ठेवली नाही. कुंपणालगतच्या दोन बाभळी तोडायचं कोणी कोणी सुचवलं. मला ते पटलं नाही. त्या बाजूला हिरवी जाळी लावली आणि रोज खेळायच्या आधी पाच मिनिटं रांगेत चालत काटे वेचायचे, असं मुलींनीच ठरवलं.

मार्च २०२५मध्ये खेळ सुरू झाला. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ला टेकतो आणि रेती तव्यासारखी तापते. सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतरच पाय ठेवता येतो. खेळायच्या आधी रेती भिजवावी लागते, आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नसताना मैदानावर नळ सोडायला माझं मन होईना. आरओ प्लांटमधून पाणी शुद्ध करताना वाया जाणारं पाणी गटारात जात होतं. ते टाकीत साठवून पाइपानं इकडे घेतलं. खारं आहे, झाडांना नको, पण रेतीला चालतं. मुलींची वेळ पाच ते सात लिहून लावली आहे, म्हणजे पाच वाजता पाणी आणि सफाई, सहाला खेळ. मुलं सात ते नऊ. एकच मैदान असल्यामुळे ही वेळ लिहून ठेवणं पट्टी-जाळीइतकंच गरजेचं होतं. नाहीतर मुलींच्या वाट्याला मैदान आलंच नसतं.

पहिला जोराचा पाऊस जूनच्या शेवटी झाला. रात्रभर कोसळला. मी पहाटेच गेले. सगळा बगिचा तळ्यासारखा होता, झोपाळ्याखाली गुडघाभर चिखल. मैदानावर पाणी नव्हतं. रेती गडद ओली, वर पावसाच्या थेंबांचे टोचे. वळसा घालून नाल्याकडे गेले. पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती. बाटलीत धरली, उन्हाकडे धरून पाहिली. नितळ होती. थोड्या वेळानं सरपंचताई छत्री घेऊन आल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, चपला काढून रेतीत उतरल्या आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या.

आता देखभालीचं. बांधकामाच्या निधीतून ती करता येत नाही, हे कोणी आधी सांगत नाही. वर्षाला निदान पाच ब्रास रेतीची भर, एक जाळी, दर महिन्याला खोल दंताळणं, लव्हाळा उपटणं. लव्हाळ्याचं टोक कापड भोसकून वर येतं, ते कोवळं असतानाच काढावं लागतं. कुत्र्यांनी घाण करू नये म्हणून रात्री कुंपणाचं दार लावणं. साधारण पन्नास हजार होतात. २ ऑक्टोबर २०२५च्या ग्रामसभेत ही रक्कम ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून दरवर्षी ठेवायचं ठरलं. सभेत एकानं विचारलं, रेतीले दरसाल पैसे कायले? ज्या काकाजींनी पहिल्यांदा बाटली उन्हाकडे धरली होती, त्यांनीच उत्तर दिलं: "वावराले दरसाल खत टाकतोस ना?"

दुसऱ्या मैदानाची जागा पश्चिमेला राखलेली आहे. नाल्याकडे जाणाऱ्या पाइपाला तिथे जोड काढून ठेवला आहे, त्यावर झाकण बसवलं आहे आणि ते कुठे आहे हे कळावं म्हणून वर एक पांढरा दगड ठेवला आहे. येत्या आराखड्यात त्याचं नाव घातलं आहे. लीड या वेळी सत्तर किलोमीटरची धरली आहे.